हेल जात नाही, तरी शिकावं

रॉक ऐकणाऱ्या मुलांमध्ये 'जगातला सगळ्यात भारी ड्रमर कोण' यावरून वाद जुंपला, की चार-पाच नावं हमखास निघतात. त्यातलं एक नील पीअर्टचं. कॅनडातल्या 'रश' या तिघांच्या बँडमध्ये तो १९७४ साली आला आणि २०१५च्या शेवटच्या दौऱ्यापर्यंत तिथेच राहिला. गाण्यांचे शब्दही बहुतेक त्यानेच लिहिले. सात मात्रांचे, पाच मात्रांचे आडवेतिडवे ठेके तो असे वाजवायचा की ऐकणाऱ्याला ते सरळ वाटावेत. त्याची प्रत्येक थाप आधी ठरलेली असे. आज वाजलं तेच उद्या दुसऱ्या गावात, तसंच, त्याच जागी. त्याचे चाहते प्रेक्षागृहात बसून हवेत हात फिरवत त्याच्याबरोबर वाजवायचे, कारण पुढे काय येणार हे त्यांना पाठ असायचं.

१९९१ साली त्याला न्यूयॉर्कमधून एक बोलावणं आलं. बडी रिच हा बिग बँड जॅझचा अफाट ड्रमर १९८७ साली वारला होता. त्याची मुलगी कॅथी वडिलांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्तीसाठी मैफल भरवायची. त्या मैफलीत बडीच्या बँडबरोबर वाजवायला तिने पीअर्टला बोलावलं. पीअर्ट तेव्हा अडतिशीत होता, नावलौकिकाच्या शिखरावर होता. लहानपणी जीन क्रुपा या जॅझ ड्रमरवरचा सिनेमा पाहून त्याला ड्रमचं वेड लागलं होतं, म्हणजे एका अर्थी हे माहेरचंच बोलावणं. तो गेला, वाजवलं, टाळ्याही पडल्या. पण मंचावरून उतरताना तो स्वतःवर खूश नव्हता.

ही गोष्ट मला नुसती गोष्ट म्हणून वाचता येत नाही, त्याला कारण आहे. मी इंदूरची. आठवडाभर शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. गेल्या वर्षी महूच्या लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला विचारलं. ते सॅक्सोफोन वाजवतात. पियानोवाला आणि बासवाला त्यांच्याकडे होते, ड्रमर नव्हता. "बेटा, जॅझ बजाओगी हमारे साथ?" मी चौदा-पंधरा वर्षं ड्रम वाजवते आहे, लग्नसमारंभापासून कॉलेजच्या महोत्सवांपर्यंत सगळीकडे वाजवलंय. तरी 'हो' म्हणायला मला तीन आठवडे लागले.

रॉक आणि जॅझ दोन्ही ड्रमवरच वाजतात, मग अडचण कसली? घरात हा प्रश्न मला आईने विचारला, आणि तो बरोबरच आहे. काड्या त्याच, ढोल तेच, झांजा त्याच. म्हणून आधी हे थोडं उलगडून सांगते.

रॉकच्या साध्या ठेक्यात चार मात्रा असतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला उजवा पाय मोठ्या ढोलावर 'धम्' करतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात स्नेअरवर 'टॅक्' करतो. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर सारख्या अंतराने आठ टोले देत राहतो. म्हणजे गाण्याचा पाया खाली, पायात आणि डाव्या हातात असतो. तो हलला तर इमारत हलते.

जॅझमध्ये हा पाया उचलून वर नेलेला असतो. लय चालते ती उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर, जिला राइड म्हणतात: टिंग, टिंग-टि, टिंग, टिंग-टि. डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटून बारीक 'चिक्' करतो. मोठा ढोल जुन्या पद्धतीत इतका हळू वाजवतात की तो कानाला कळत नाही, नुसता जाणवतो. त्यामुळे डावा हात आणि उजवा पाय मोकळे राहतात. या दोघांनी काय करायचं? गायक-वादक जे म्हणतोय त्याला उत्तर द्यायचं, मध्येच 'हं' म्हणायचं, कधी गप्प बसायचं. रॉकमध्ये ज्या दोन अवयवांवर सगळा भार, त्यांनाच इथे गप्पा मारायला बसवलेलं असतं.

आणि त्या 'टिंग-टि'मध्ये एक मेख आहे. रॉकमध्ये मात्रेचे दोन भाग सारखे असतात. जॅझमध्ये पहिला भाग लांबतो, दुसरा आखूड होतो. आपल्याकडे तिस्र जातीत मात्रेचे तीन भाग करतात, त्यातला मधला गाळला तर जे उरेल, साधारण तसं. 'साधारण' म्हणायचं कारण हे प्रमाण पक्कं नसतं. लय संथ असेल तर झोका मोठा, लय वाढली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होत जातात. किती झोका द्यायचा हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. ते ऐकून ऐकून अंगात मुरतं. गणिताच्या बाईला याचा किती त्रास होत असेल याची कल्पना करा.

आता पीअर्टकडे परत. १९९१च्या त्या मैफलीची रुखरुख मनात ठेवून त्याने एक मोठं काम अंगावर घेतलं. बडी रिचच्या स्मरणार्थ 'बर्निंग फॉर बडी' नावाचा ध्वनिसंग्रह त्याने निर्माता म्हणून उभा केला. त्याचा पहिला भाग १९९४ साली आला, दुसरा १९९७ साली. मॅक्स रोचसारखे जॅझचे जुने दिग्गज आणि रॉकमधले नावाजलेले ड्रमर, सगळे एकामागून एक येऊन बडीच्या बँडबरोबर वाजवून गेले. पीअर्टने स्वतः ड्यूक एलिंग्टनची 'कॉटन टेल' ही रचना वाजवली.

त्या दिवसांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. स्टीव्ह स्मिथ हा त्याच्या ओळखीचा ड्रमर. 'जर्नी' या रॉक बँडमुळे तो जगाला माहीत होता, पण मूळचा जॅझ शिकलेला. हाच स्मिथ पुढे आपल्या कोन्नकोलच्या, म्हणजे तोंडाने ताल बोलण्याच्या दाक्षिणात्य विद्येच्या नादी लागला आणि उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबरही वाजवू लागला. तर या स्मिथचं वादन एकाएकी कितीतरी सुंदर, सैल आणि गाणारं झालेलं पीअर्टला दिसलं. त्याने सरळ विचारलं, हे कसं झालं? उत्तर मिळालं: फ्रेडी ग्रुबर.

ग्रुबर हे बडी रिचचे जुने मित्र, तेव्हा साठी ओलांडलेले. पीअर्ट त्यांच्याकडे शिकायला गेला. वय ४२. हातात काडी कशी धरायची इथपासून त्याने सुरुवात केली. रॉकमध्ये बहुतेक जण दोन्ही काड्या सारख्याच धरतात. जॅझच्या जुन्या पद्धतीत डाव्या हाताची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी ठेवून बोटांवर पेलतात. ही पद्धत लष्करी बँडमधून आली. गळ्यात अडकवलेला ढोल कमरेपाशी तिरका लोंबायचा, त्यावर वाजवायला डावा हात असाच वळवावा लागे. पीअर्टने ती धरली. बसायची बैठक बदलली, पायाची पद्धत बदलली. ग्रुबर यांचा भर टोल्यावर कमी आणि दोन टोल्यांच्या मधल्या वेळात हात हवेत कसा फिरतो यावर जास्त होता. टोला हा त्या फिरण्यातला एक थांबा, एवढंच. काही महिने रोज रियाज करून मग तो 'रश'च्या 'टेस्ट फॉर एको' या १९९६च्या ध्वनिमुद्रणाला बसला.

आमच्या आजोबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते सत्याऐंशी वर्षांचे होते. आजोबांनी आयुष्यभर तबल्याची साथ केली. मला त्यांनीच शिकवलं, आणि नववीत असताना मी तबला सोडून ड्रमकडे वळले ते त्यांना आवडलं नव्हतं. त्यांनी कधी रागावून काही म्हटलं नाही. फक्त माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. "कानाला सोसत नाही गं," एवढंच. आता त्यांचे हात थरथरतात, कान मात्र शाबूत आहेत. मी त्यांना 'कॉटन टेल' ऐकवलं. पीअर्ट कोण, कुठला, किती मोठा, काही सांगितलं नाही.

पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाले, "हात तयार आहे. फार तयार आहे. पण हा सोलो वाजवणारा माणूस साथीला बसलाय."

मी चकित झाले. जॅझच्या जाणकारांनी पीअर्टच्या त्या वादनावर जो आक्षेप घेतला, तो जवळजवळ हाच. सगळं अचूक आहे, पण ताठ आहे. लय चालते आहे, झुलत नाही. बाकीचे वाजवत असताना तो त्यांच्याबरोबर आहे, पण त्यांच्यात नाही.

आजोबांनी पुढे जे सांगितलं ते इंदूरच्या मुलांनी तरी ऐकावं असं आहे. उस्ताद अमीर खाँ आपल्या गावचे. त्यांचा ख्याल अतिविलंबित चालायचा, बहुधा झूमऱ्यात, चौदा मात्रांच्या. तबल्यावर त्यांना साधा, स्वच्छ ठेका हवा असे, नक्षीकाम नको. आजोबा म्हणाले, "समोर बसून ऐकलंय मी. एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत जायला इतका वेळ, की कच्चा माणूस घाबरून मध्ये काहीतरी वाजवून टाकेल. ज्याच्याकडे चार तास वाजवायचा माल आहे, त्याने तो झाकून ठेवायचा आणि नुसता ठेका धरायचा. तो ठेका पोकळ वाटत नाही, कारण तो माणूस ऐकत असतो. तुझ्या या माणसाला विचार, तो ऐकतोय का."

मी त्यांना दुसरा नमुना ऐकवला: चार्ली वॉट्स. 'रोलिंग स्टोन्स'चा ड्रमर, २०२१ साली गेला. हा उलट्या रस्त्याने आलेला माणूस. त्याचं पहिलं प्रेम जॅझ. लहानपणी बँजो विकत घेतला, तो जमेना, तर त्याची मान काढून टाकली आणि उरलेल्या गोलावर ब्रशने ताल धरायला लागला. शिक्षण चित्रकामाचं. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकावर त्याने लहान मुलांसाठी एक सचित्र पुस्तकही केलं होतं. १९६३ साली तो 'स्टोन्स'मध्ये आला आणि मरेपर्यंत त्यांचाच राहिला. पण फावल्या वेळात जॅझ वाजवत राहिला. १९८०च्या दशकात मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि पीअर्ट न्यूयॉर्कच्या मंचावर अस्वस्थ होत होता त्याच १९९१ साली वॉट्सच्या पाच जणांच्या जॅझ चमूने पार्करला वाहिलेली तबकडी काढली.

वॉट्सकडे पीअर्टच्या पाव हिस्साही तयारी नव्हती, असं रॉकची पोरं म्हणतील. ढोल मोजके, सोलोचा कंटाळा. पण रॉकमध्येसुद्धा तो डाव्या हाताची काडी जॅझवाल्यांसारखी आडवी धरायचा. स्नेअरवर टोला देताना उजवा हात हाय-हॅटवरून किंचित उचलून घ्यायचा, म्हणजे एक मात्रा क्षणभर श्वास घेते. 'स्टोन्स'च्या गाण्यांत जो डुलकावा आहे, तो बराचसा तिथून येतो. आजोबा ऐकता ऐकता मांडीवर बोटं हलवायला लागले. "हा ऐकतोय," म्हणाले.

इथे थांबलं तर गोष्ट सोपी होईल: वॉट्स खरा, पीअर्ट खोटा. जो जन्मापासून ती भाषा बोलतो त्याला येते, बाकीच्यांनी उगाच धडपडू नये. तीन आठवडे माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. चाळिशीपर्यंत जगभर गाजलेल्या, रोज रियाज करणाऱ्या माणसाला जे पुरतं साधलं नाही, ते शाळेच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात मला काय साधणार?

पण पीअर्टची गोष्ट १९९४ला संपत नाही. २००७च्या सुमारास, वय ५५, तो पुन्हा विद्यार्थी झाला. या वेळी पीटर अर्स्किनकडे. अर्स्किन म्हणजे 'वेदर रिपोर्ट' या जॅझ मंडळीतला ड्रमर. २००८ साली बडी रिचच्या स्मृतिमैफलीत पीअर्ट पुन्हा वाजवायला बसला. ते वादन मी शेजारी ठेवून ऐकलंय. मला त्यात खांदे खाली आलेले ऐकू येतात. तरीही तो जॅझवाला वाटत नाही. चार मात्रांत कळतं की हा रॉकचा माणूस आहे. टोल्याला वजन आहे, कोपरे धारदार आहेत. हेल गेलेला नाही.

खरा बदल दिसला तो दुसरीकडे. 'रश'चं शेवटचं मोठं ध्वनिमुद्रण 'क्लॉकवर्क एंजल्स', २०१२ सालचं. आयुष्यभर प्रत्येक थाप आधी ठरवून बसणारा हा माणूस तिथे गाणी पाठ न करता वाजवायला बसला. निर्माता निक रॅस्क्युलिनेट्झ त्याच्या समोर उभा राहून हाताने खुणा करायचा, आता कडवं येतंय, आता वळण, आणि पीअर्ट त्या क्षणी सुचेल ते वाजवायचा. साठीला टेकलेला माणूस आपल्याच घरात, आपल्याच भाषेत, पहिल्यांदा मोकळेपणाने बोलत होता. जॅझमध्ये त्याला कायमचं घर मिळालं नाही, पण तिथे घालवलेल्या वर्षांनी त्याचं रॉक बदललं. माझ्या मते त्या सगळ्या शिकवणीची कमाई ही आहे, आणि ती छोटी नाही.

आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या चार-पाच पिढ्या माळव्यात गेल्या. पुण्याच्या आत्याकडे गेलं की "तुमचं मराठी गोड आहे, पण हेल हिंदीचा" हे ऐकावं लागतं, आणि इथे शेजारी म्हणतात की तुमची हिंदी मराठी वळणाची. आपल्यातल्या कितीतरी मुलांनी यावर उपाय म्हणून बोलणंच सोडलंय. चुकेल, हसतील, त्यापेक्षा हिंदी किंवा इंग्रजी बरी. हेल पूर्ण जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं तर तोंड कधीच उघडणार नाही. पीअर्टने १७ वर्षं हेलासकट जॅझ बोलायचा प्रयत्न केला, तोही बडी रिचच्या बँडसमोर, जिथे लपायला जागा नाही.

मी काकांना होकार दिला. आता गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत बसतो. काका मधूनमधून सॅक्स तोंडातून काढून म्हणतात, "बेटा, धीरे. कमरे में लोग बैठे हैं." मोठा ढोल अजून माझ्याकडून जोरात वाजतो. बत्तीस मात्राखंडांचं आवर्तन मनात धरून ठेवणं मला सोपं जातं, ते तबल्याचं देणं. चार खंड सॅक्सने, चार ड्रमने असे सवाल-जवाब सुरू झाले की माझा हात आपोआप रॉककडे धावतो. काका हसतात आणि पुढचे चार खंड माझ्याच वळणाने वाजवून दाखवतात. म्हणजे ते ऐकत असतात.

आमच्या बँडमधल्या गिटारवाल्याने परवा विचारलं की तू हल्ली वेगळं काय करतेस, गाणं जरा हलकं वाटतंय. मी वेगळं काहीच ठरवून करत नाही. फक्त दोन टोल्यांच्या मध्ये तो काय वाजवतो ते आता मला ऐकू येतं.

तुमच्या घरात कुणी ड्रम, कीबोर्ड, गिटार शिकत असेल तर त्याला एक काम द्या. 'बर्निंग फॉर बडी'मधलं पीअर्टचं 'कॉटन टेल' ऐकायला सांगा, मग चार्ली वॉट्सच्या जॅझ चमूचं काहीही, मग 'क्लॉकवर्क एंजल्स'. आणि शेजारी घरातलं एखादं जुनं माणूस बसवा, ज्याने कधी तबला, पेटी, निदान भजनात टाळ तरी वाजवला असेल. नावं सांगू नका. नुसतं विचारा, यातला कोण ऐकतोय? उत्तरावरून भांडण होईल. होऊ द्या. आमच्याकडे ते अजून चालू आहे, आणि आजोबांनी पुढच्या गुरुवारी काकांच्या गच्चीपर्यंत चार जिने कसे चढायचे याची चौकशी केली आहे.